खानदेशात जायफळ: एका तालुका वाचनालयातलं ज्यूल व्हर्नचं वाचन

पार्श्वभूमी

मनमाड आणि भुसावळ यांच्या मधे, मुख्य लोहमार्गाला लागून असलेल्या एका गावात आमचं वाचनालय आहे. शासनमान्य, 'ब' वर्ग. मी तिथे ग्रंथपाल आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे आणि सगळ्यांना उद्याही एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

सकाळी सातला अभ्यासिका उघडते तेव्हा बाहेर मुलं उभी असतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. बाटली, चार्जर, उशीसारखी जाड गाइडं घेऊन येतात आणि रात्री नऊला जातात. कपाटातली पुस्तकं त्यांच्या पाठीमागे असतात, आणि पाठीमागेच राहतात. देवघेवीच्या टेबलावर दुपारी चारनंतर येणारे सभासद वेगळे: निवृत्त मंडळी, दोन-तीन शिक्षिका, बचत गटातल्या काही जणी. एकाच इमारतीत दोन वाचनालयं असावीत तसा प्रकार. एकाला दुसऱ्याचं नावही माहीत नाही.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो. फोटोला हार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, चहा, अहवालासाठी चार फोटो. त्या तासाभरात एकही पान वाचलं जात नाही. 2022 च्या जुलैत कार्यकारिणीच्या बैठकीत मी म्हटलं की यंदा निदान एक पुस्तक प्रत्यक्ष वाचू. अध्यक्ष अण्णा म्हणाले, "वाचा की. कोणतं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगची कादंबरी पॅरिसच्या 'ल ताँ' या दैनिकात 6 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर 1872 या काळात क्रमशः छापून आली. म्हणजे त्या वर्षी तिला दीडशे वर्षं होत होती. गोष्टीतल्या तारखाही त्याच वर्षाच्या. फॉग 2 ऑक्टोबर 1872 ला लंडन सोडतो, 20 तारखेला दुपारी साडेचारला मुंबईत उतरतो, रात्री आठची गाडी पकडतो, आणि 21 तारखेला दुपारी साडेबारा वाजता ती गाडी बऱ्हाणपूरला थांबते. मुंबईहून बऱ्हाणपूरला जाणारी गाडी आमच्या गावावरूनच जाते. हिशेब सरळ होता: 21 ऑक्टोबरच्या सकाळी फॉगसाहेब पत्ते कुटत आमच्या स्टेशनातून पुढे गेले.

हे ऐकल्यावर निवृत्त रेल्वे गार्ड असलेले नाना खुर्चीत सावरून बसले. मला तिथेच कळलं की पुस्तक बरोबर निवडलं गेलंय.

अडचण

पहिली अडचण पुस्तकाचीच. आमच्याकडे या कादंबरीची एक प्रत होती: मुलांसाठी केलेलं संक्षिप्त रूपांतर, पाठीचा कणा मोडलेलं, शेवटची पानं गेलेली. त्यात खानदेश नव्हताच. मुंबईत गाडी सुटली आणि पुढच्याच परिच्छेदात हत्ती आला. मराठीत व्हर्न घराघरात पोचवला तो भा. रा. भागवतांनी. आमच्या पिढीनं तो दहा-बाराव्या वर्षी वाचला आणि 'मुलांचा लेखक' म्हणून कायमचा बाजूला ठेवला. त्यामुळे मोठ्या माणसांपुढे व्हर्न ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आम्ही काय आता पोरांची पुस्तकं वाचायची?"

दुसरी अडचण माणसांची. अभ्यासिकेतल्या मुलांना वेळ नाही, आणि चारनंतरच्या सभासदांना त्यांच्यात बसायचा संकोच.

तिसरी अडचण मला तेव्हा दिसलीच नव्हती. मूळ पुस्तक पुरतं न वाचताच मी ते सुचवलं होतं. लहानपणीचं रूपांतर आठवत होतं, बाकी इकडून तिकडून वाचलेलं. मूळात आपल्या देवीबद्दल आणि आपल्या बायकांबद्दल काय लिहिलंय, ते मला सप्टेंबरात कळलं.

कोणते पर्याय होते

अण्णांचं म्हणणं, जळगावहून एखादे प्राध्यापक बोलवावेत, तासभर व्याख्यान ठेवावं. खर्च: मानधन, गाडीभाडं, शाल-श्रीफळ. हे सोपं होतं आणि दरवर्षीपेक्षा काही वेगळं नव्हतं.

दुसरा पर्याय होता मिळेल ते मराठी रूपांतर घेऊन त्याच्या पंचवीस झेरॉक्स काढायच्या. बाजारात हे सर्रास चालतं, आणि बैठकीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी अडवलं. अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो, आणि आपल्या कायद्यात तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. वाचनालयानंच हे करायचं म्हणजे पोलीस चौकीसमोर नो पार्किंगमध्ये गाडी लावण्यासारखं.

तिसरा पर्याय याच मुद्द्यातून निघाला. व्हर्न 1905 मध्ये वारला. मूळ फ्रेंच पुस्तक मुक्त आहे, आणि जॉर्ज टाउलनं 1873 मध्ये केलेला इंग्रजी अनुवादही. तेव्हा आपणच मराठी का करू नये? सदतीस प्रकरणांचं नव्हे. भारतात घडतात तेवढ्याच, दहा ते पंधरा, या सहा प्रकरणांचं. हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर आमचे आजीव सभासद. ते म्हणाले, "तू कच्चं कर, मी पक्कं करतो." फ्रेंच आम्हा दोघांनाही येत नाही. इंग्रजीवरून केलेला अनुवाद म्हणजे दुसऱ्या हाताचा माल, हे माहीत होतं. त्या दुसऱ्या हातानं पुढे काय गोंधळ घातला ते येईलच.

तिसरा पर्याय ठरला. गणपती उठल्यावर, 11 सप्टेंबरपासून, सहा रविवारी एकेक प्रकरण मोठ्यानं वाचायचं. शेवटची बैठक 16 ऑक्टोबरला. 15 तारखेला अण्णांच्या समाधानासाठी हार आणि फोटो. आणि 21 ऑक्टोबरला, बरोबर दीडशे वर्षांनी, एक छोटा समारोप.

पहिले दोन रविवार

पहिल्या रविवारी अकरा जण आले. मुंबईचं प्रकरण. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बुटांसकट शिरतो, पुजारी त्याला झोडपतात, आणि तो बूट तिथेच टाकून अनवाणी स्टेशनवर पळत येतो. लोक हसले, चहा प्यायले, घरी गेले. बेतास बात. मुळात आधीची नऊ प्रकरणं कुणी वाचलेली नव्हती. हा इंग्रज धावतोय कशाला, वीस हजार पौंडांची पैज कोणाशी, तो फिक्स नावाचा पोलीस मागे का लागलाय, हे मी पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. कुणाच्याही डोक्यात ते राहिलं नाही.

दुसऱ्या रविवारी गाडी सुटली आणि बैठकीत जीव आला.

सर वाचत होते. गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला आली. कल्याणला पुण्याचा फाटा सोडला. पुढे व्हर्न लिहितो की गाडी पनवेलवरून घाटात शिरली.

"थांबा," नाना म्हणाले. "कल्याण सोडल्यावर पनवेल कुठून आलं? कसारा लागतो. मी तीस वर्षं या गाड्यांवर काढलीत."

सरांनी परत वाचलं. पनवेलच. नाना उठले, फळ्यापाशी गेले आणि खडूनं लाइन काढायला लागले. मुंबई, ठाणे, कल्याण, कसारा, इगतपुरी, नाशिक, मनमाड. थळ घाट 1865 मध्ये सुरू झाला हे त्यांनी न बघता सांगितलं. पुढच्या अर्ध्या तासात फळ्यावर दोन रकाने तयार झाले, 'बरोबर' आणि 'चूक'.

व्हर्न म्हणतो, गाडी मालेगावच्या पुढे गेली. मालेगाव या लाइनवर नाहीच. मनमाडला उतरून रस्त्यानं जावं लागतं. चूक. जवळच वेरूळची लेणी आहेत म्हणतो. घाट ओलांडला की वेरूळ, म्हणून ते बरोबर. डोंगर काळ्या बेसॉल्टचे आणि माथ्यावर दाट जंगल. बरोबर. खानदेश सपाट, सुपीक, नद्या-ओढ्यांचा; तेही बरोबर. पण हे ओढे बहुतेक गोदावरीला मिळतात म्हणतो. इथे मागे बसलेला एक शेतकरी सभासद चिडलाच. "गिरणेचं पाणी गोदावरीला? मग आमच्याकडून तापीला काय जातं?"

आणि मग आलं ते वाक्य, ज्याच्यावरून ही सगळी मालिका गावात ओळखली जाते. इंजिनाचा धूर खानदेशातल्या कापसाच्या, कॉफीच्या, जायफळाच्या, लवंगेच्या आणि मिरीच्या मळ्यांवर पसरत होता.

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग आक्का, ज्यांना वाचता येत नाही आणि ज्या नातीसोबत नुसत्या ऐकायला येतात, म्हणाल्या, "आठे जायफय कथाईन उनं व माय?" इथे जायफळ कुठून आलं बाई?

खोली हसून फुटली. अभ्यासिकेच्या दारातून दोन-तीन मुलं डोकावली. कापसाला आम्ही 'बरोबर'च्या रकान्यात घातलं, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला तो 1860 च्या दशकात. बाकी सगळा मसाल्याचा डबा 'चूक'मध्ये गेला. दारातल्या मुलांपैकी एक जण आत आला आणि फळ्यापाशी उभा राहून वाचत बसला. त्याला आपण परीक्षेवाला म्हणू. व्हर्न भारतात कधीच आला नव्हता, हे मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग त्याला वेरूळ कसं माहीत?" नकाशे, प्रवासवर्णनं, मासिकं. "म्हणजे आमच्यासारखंच," तो म्हणाला. "नोट्स काढून."

नानांनी घरी जाऊन आणखी एक हिशेब केला. मुंबई ते बऱ्हाणपूर साधारण पाचशे किलोमीटर, रात्री आठ ते दुपारी साडेबारा म्हणजे साडेसोळा तास. ताशी तीस किलोमीटर. "वेग बरोबर धरलाय माणसानं," त्यांनी पुढच्या खेपेला सांगितलं. मात्र पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो, ते त्यांना मान्य नव्हतं. मुंबईकडची आणि कलकत्त्याकडची लाइन जबलपूरला मार्च 1870 मध्येच जोडली गेली होती. फॉग निघाला तेव्हा सलग रूळ होते. पण मग हत्ती कसा आला असता?

गाळलेलं वाक्य

बारावं प्रकरण 25 सप्टेंबरला होतं, सर्वपित्री अमावास्येला. त्याचं कच्चं भाषांतर करताना माझा हात थांबला.

बुंदेलखंडाच्या जंगलात दुपारी चारच्या सुमारास एक मिरवणूक येते. पुढे पुजारी, मागे गाड्यावर एक मूर्ती: चार हात, अंग लालसर, डोळे वटारलेले, केस मोकळे, जीभ बाहेर, ओठ विड्यानं रंगलेले. फॉगसोबतचा इंग्रज सेनाधिकारी कुजबुजतो की ही काली, प्रेमाची आणि मृत्यूची देवता. त्यावर पासपार्तू म्हणतो, मृत्यूची असेल, पण प्रेमाची? ही कुरूप थेरडी? शक्य नाही!

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी घटस्थापना होती. प्रती झेरॉक्सवाल्याकडे द्यायच्या होत्या. मी ते वाक्य गाळलं. सरांना सांगितलं नाही, अण्णांना विचारलं नाही. एक ओळ तर आहे, कुणाच्या लक्षात येणार, असं मनाशी म्हटलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी रात्री साडेदहाला, एकटीनं, दोन मिनिटांत घेतला.

रविवारी बैठक नीट झाली. संपल्यावर परीक्षेवाला माझ्या टेबलापाशी आला. दुसऱ्या रविवारनंतर त्यानं फोनवर इंग्रजी पुस्तक उतरवून घेतलं होतं आणि तो आमच्या प्रतीशी ताडून बघत होता. इंग्रजीच्या सरावासाठी, असं म्हणाला. त्यानं ती ओळ दाखवली. मी म्हटलं, नवरात्र तोंडावर आहे, उगाच कशाला.

"मॅडम, जायफळाला आपण सगळे हसलो," तो म्हणाला. "त्याला आपल्या पिकांचं कळत नव्हतं ते फळ्यावर लिहिलं. देवीचं कळत नव्हतं ते खोडलं. असं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला सांगितलं की बघते.

त्या आठवड्यात मी अण्णांना आणि सरांना सगळं सांगितलं. सर माझ्यावर रागावले, ते वाक्य गाळल्याबद्दल कमी आणि त्यांना न सांगितल्याबद्दल जास्त. अण्णांची काळजी वेगळी होती आणि मला ती आजही रास्त वाटते. त्या एका पानाचा फोटो नवरात्रात व्हॉट्सॲपवर फिरला, मागचंपुढचं काही न सांगता, तर काय होईल? वाचनालयात देवीला थेरडी म्हणतात, एवढंच पुढे जाईल. अभ्यासिकेत मुली बसतात. दारावर कुणी आलं तर पहिल्यांदा त्या घाबरतील.

आम्ही चार वाटा मांडल्या. गाळलंय ते तसंच राहू द्यायचं आणि गप्प बसायचं. प्रतीच्या शेवटी 'काही मजकूर वगळला आहे' अशी तळटीप टाकायची. पुढची बैठक दसऱ्यानंतर घ्यायची. किंवा येत्या रविवारी ते वाक्य वाचून दाखवायचं आणि मी ते का गाळलं तेही सांगायचं. पहिली वाट परीक्षेवाल्यानं बंद केली होती. दुसरी मला सर्वांत वाईट वाटली. वगळलंय म्हटलं की माणूस नेमकं तेच शोधतो. अण्णांचा कल तिसरीकडे होता.

तेवढ्यात एक नवी गोष्ट हाती आली. परीक्षेवाल्याची बहीण पुण्यात फ्रेंच शिकते. त्यानं तिच्याकडून मूळ ओळ मागवली. फ्रेंचमध्ये पासपार्तू म्हणतो, 'ला विलेन बॉन फाम'. तिनं सांगितलं, याचा अर्थ साधारण 'कसली कुरूप बया!' असा. म्हातारपण त्यात नाही. थेरडी ही इंग्रजी अनुवादकाची भर. मूळात एका अडाणी नोकराचा तुसडा उद्गार आहे, आणि तो इंग्रजीत येताना जास्त विखारी झाला.

यानं अपमान नाहीसा झाला असं नाही. पण बोलायला हातात काहीतरी आलं. अण्णांनी एक अट घातली, त्या पानाचे फोटो नकोत. आणि आम्ही चौथी वाट धरली.

2 ऑक्टोबर

सातवी माळ. योगायोगानं फॉगनं लंडन सोडलं ती तारीखही हीच. सव्वीस जण आले होते, त्यातले सात अभ्यासिकेतले. मी सुरुवातीलाच सांगितलं की मागच्या खेपेला एक ओळ मी गाळली होती, आणि ती वाचली. आधी इंग्रजीवरून केलेली, मग फ्रेंचवरून.

शांतता. मला घाम फुटला होता.

आक्का आदल्याच आठवड्यात वणीच्या गडावर जाऊन आल्या होत्या. त्या वर्षी सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला होता आणि घटस्थापनेला मंदिर दर्शनाला उघडलं होतं. त्यांनी नातीला विचारलं, त्यानं देवी कशी होती लिहिलंय? नातीनं वाचून दाखवलं: लालसर अंग, मोठे डोळे, विड्यानं रंगलेले ओठ. "मंग ते शेंदूर शे ना," आक्का म्हणाल्या. "त्याले काय माहीत शेंदूर काय ऱ्हास. देवीले काय फरक पडस?"

पुढे जो वाद झाला तो वाक्याचा नव्हता, ठगांचा झाला. मालेगावच्या पुढचा मुलूख कालीच्या भक्तांनी रक्तानं माखलेला, असं व्हर्न लिहितो ते कितपत खरं, यावर सर आणि नाना यांची चांगलीच जुंपली. दोघांनाही मजा येत होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेच्या नादात दुसरी चूक झाली.

औदा

त्या दिवशीचं प्रकरण तेरावं होतं. बुंदेलखंडाच्या म्हाताऱ्या राजाच्या चितेवर त्याच्या तरुण विधवेला जाळणार आहेत. पासपार्तू धुरात मेलेल्या राजाच्या जागी उभा राहतो आणि तिला उचलून नेतो. कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग. सर वाचत असताना खरंच कुणी हललं नाही.

ती विधवा म्हणजे औदा. व्हर्न तिला मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी करतो. एका शिक्षिकेनं लगेच पकडलं: पारशी मुलगी, हिंदू राजाची बायको, आणि चितेवर? पारशांत अग्नी इतका पवित्र की प्रेताचा स्पर्शही त्याला चालत नाही. हे जायफळाच्याच रकान्यातलं. मी सांगितलं की सतीबंदीचा कायदा बेंटिंकनं 4 डिसेंबर 1829 ला केला, आणि व्हर्न त्रेचाळीस वर्षांनंतरची गोष्ट सांगतोय, म्हणून तो ती इंग्रजी अमलाबाहेरच्या मुलखात नेऊन ठेवतो. पुरुष मंडळींनी विषय उचलला. गोऱ्यांनी आपल्याला रानटी कसं दाखवलं, सोडवणारा नेहमी गोराच कसा. मुद्दे बरोबर होते. पाऊण तास चालले.

बचत गटातली एक जण, चाळिशीची, तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली, मधेच म्हणाली, "ती हेरवाडची बातमी वाचली होती का कुणी?" त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. नंतर शासनानंही तसं परिपत्रक काढलं. तिला पुढे काही बोलायचं होतं. पण सव्वासात झाले होते, चहा आला होता, आणि मी म्हटलं, "हो हो, चांगला मुद्दा, पुढच्या रविवारी घेऊ."

पुढच्या रविवारी ती आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, घरी पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीही पाहुणे होते.

नंतर परत वाचताना लक्षात आलं की औदा ज्या प्रकरणात येते तिथून सुटेपर्यंत शुद्धीवरच नाही. अफू आणि गांजाच्या धुरात गुंगलेली. सगळे तिच्याबद्दल ठरवतात, ती काही बोलत नाही. चौदाव्या प्रकरणात तिला शुद्ध येते, तेव्हा ती सर्वांत आधी आभार मानते.

समारोप आणि त्याचं फसणं

21 ऑक्टोबर 2022 हा शुक्रवार. कॅलेंडर मी जुलैत पाहिलं होतं, पण फक्त इंग्रजी तारखा. त्या दिवशी वसुबारस होती. दिवाळीच्या तोंडावर दुपारी साडेबाराला घराबाहेर पडेल अशी बाई गावात नव्हती आणि दुकान सोडेल असा पुरुषही.

मूळ बेत प्लॅटफॉर्मवर उभं राहून खानदेशचा परिच्छेद वाचायचा होता. चौकशी केल्यावर कळलं की प्लॅटफॉर्मवर कार्यक्रमासाठी लेखी परवानगी लागते, ती वरून येते आणि त्याला वेळ लागतो. मग वाचनालयाच्या मागच्या अंगणात जमलो. पाच जण: नाना, सर, परीक्षेवाला, मी आणि आमचा शिपाई. नानांनी वाचलं. कॉफी, जायफळ, लवंग म्हणताना मागून मालगाडी गेली आणि त्यांचा आवाज बुडाला. ते थांबले, डबे मोजले, आणि गाडी गेल्यावर पुन्हा जायफळापासून सुरू केलं. हावडा मेल आजही मुंबईहून अलाहाबादमार्गे, म्हणजे फॉगच्याच वाटेनं, जाते हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलं.

काय हाती लागलं

अभ्यासिकेतल्या चौघांनी देवघेवीचं सभासदत्व घेतलं. त्यातल्या एकीनं घेतलेलं पहिलं पुस्तक खानदेशच्या इतिहासावरचं होतं. दुसरं अजून घ्यायचंय. परीक्षेवाला पूर्ण कादंबरी इंग्रजीत वाचून मोकळा झाला. कप्तान नेमो हाही व्हर्ननं बुंदेलखंडाचाच राजपुत्र केलाय, ही माहिती त्यानं मला आणून दिली, आणि या माणसाला बुंदेलखंडाचं काय वेड होतं, असं विचारलं. दोन रकान्यांचा फळा आम्ही महिनाभर पुसला नाही. सभासद वाढले म्हणावं इतकं काही झालं नाही. वार्षिक अहवालात या सगळ्याला एक ओळ मिळाली, वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोखाली.

पुन्हा करायचं झालं तर

पुस्तक जाहीर करण्याआधी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचेन. हे ग्रंथपालानं लिहावं लागतंय याची लाज वाटते, पण ते खरं आहे.

पैजेचं प्रकरण गाळणार नाही. सहाच्या ऐवजी सात रविवार लागले असते. नोकर, पोलीस, घड्याळ ही सगळी गंमत तिथे पेरलेली आहे. ती नसल्यामुळे पंधराव्या प्रकरणात कलकत्त्याच्या कोर्टात पासपार्तूचे मुंबईत हरवलेले बूट पुराव्यादाखल टेबलावर येतात, तेव्हा फक्त पहिल्या रविवारी आलेले हसले.

काही गाळावंसं वाटलं तर एकटीनं ठरवणार नाही. नवरात्रात ती बैठक पुढे ढकलणं हाही चुकीचा निर्णय ठरला नसता, असं मला अजून वाटतं. अण्णांच्या भीतीतलं काही घडलं नाही याचं श्रेय आक्कांना आहे, आमच्या धाडसाला नाही. आक्का त्या दिवशी आल्या नसत्या तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

चहा उशिरा ठेवेन. तारखा ठरवताना कालनिर्णय बघेन. आणि तेराव्या प्रकरणाच्या दिवशी पहिल्यांदा बायकांना बोलायला सांगेन, पुरुषांना गोऱ्यांचा समाचार नंतर घेता येईल. हेरवाडचं बोलणं अर्धवट राहिलं ते राहिलंच. मी एकदा तिच्या घरी जाऊन आले. तिनं चहा केला, कादंबरीचं विचारलं नाही, मीही काढलं नाही.

सहा प्रकरणांच्या पंचवीस पुस्तिका बांधून आम्ही दाखल रजिस्टरात नोंदवल्या. बाराव्या प्रकरणातली गाळलेली ओळ परीक्षेवाल्यानं आणि मी मिळून पंचवीसही प्रतींत समासात निळ्या पेनानं लिहिली. 'बया' असा शब्द घातला, फ्रेंचप्रमाणे. मार्चमध्ये मोजणी करताना दिसलं की एका प्रतीत कुणीतरी ती ओळ पेन्सिलीनं खोडली आहे. ती प्रत कोणी कोणी नेली होती ते देवघेवीच्या नोंदींत बघता आलं असतं. मी बघितलं नाही. प्रत इतरांसोबत कपाटात आहे.